छप्पर ज्याचे, सूर्य त्याचा? चामराजपेटच्या भाडेकरूचा हिशोब

५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूर शहरात, आजच्या कृष्णराजेंद्र मार्केटच्या परिसरात, रस्त्यावरचे विजेचे दिवे प्रथम लागले. ही घटना आजही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. परंतु तिच्यामागची दुसरी घटना क्वचितच सांगितली जाते. कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीज तयार होऊ लागली ती तीन वर्षे आधी, १९०२ साली. आणि ती तारांवरून प्रथम गेली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे, ब्रिटिश कंपनीचा नफा उपसण्यासाठी. शहराच्या रस्त्याला उजेड मिळाला तीन वर्षांनी. त्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या हमालाच्या, विणकऱ्याच्या, झाडूवाल्याच्या खोलीत दिवा लागायला त्यानंतर किती वर्षे जावी लागली, याची जयंती कोणी साजरी करीत नाही.

वीज कोठून येते हा तंत्रज्ञांचा प्रश्न असतो. ती प्रथम कोणाकडे जाते आणि तिची किंमत कोण मोजतो, हा वर्गाचा प्रश्न असतो. १९०२ साली तो नदीच्या पाण्याबाबत होता. आज तो सूर्याच्या प्रकाशाबाबत आहे. त्याच मार्केटला लागून असलेल्या चामराजपेटेत उभे राहून तो पुन्हा विचारला पाहिजे.

चामराजपेटेचे छप्पर

चामराजपेट ही १८९२ साली आखून वसवलेली वस्ती. शहाजीराजांच्या जहागिरीपासून बंगळुरात स्थायिक झालेली मराठी बोलणारी कुटुंबे या जुन्या शहराच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. म्हणून हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. आखीव रस्ते, जुने बंगले, त्यांच्या जागी उठलेल्या तीन-चार मजली इमारती, आणि मधल्या गल्ल्यांतून ‘वठार’ : एका अंगणाभोवती किंवा एका बोळाच्या दोन्ही अंगांना ओळीने बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. आपल्याकडच्या वाड्याचे किंवा बैठ्या चाळीचे हे कन्नड भावंड. पश्चिमेकडे सरकावे तसतशी घरे लहान होत जातात आणि माणसे वाढत जातात. पादरायनपूर, जगजीवनराम नगर या वस्त्यांतून अगरबत्ती वळणारे, शिलाई करणारे, मार्केटात ओझी वाहणारे, शहराची सफाई करणारे कामगार राहतात. त्यांतील मोठ्या संख्येला स्वतःचे छप्पर नाही.

आता निसर्गाची बाजू पाहू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, हवा थंड आहे. सौर पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमान धरून मोजतात. पुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. विदर्भातल्या मे महिन्यात तापलेले पॅनेल जेवढे गमावते, त्याहून या थंड शहरात कमी गमावते. पावसाळ्याचे चार महिने ढगांचे असतात हे खरे, तरीही तीन किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने महिन्याला तीनशे युनिटच्या आसपास वीज देऊ शकतो. म्हणजे सूर्याने चामराजपेटेवर अन्याय केलेला नाही. जो काही अन्याय आहे तो सूर्य आणि माणूस यांच्या मध्ये उभा आहे.

अनुदान कोणाला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये असे तिचे आकडे आहेत. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. सरकारने धरलेली प्रमाण किंमत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० रुपये. म्हणजे तीन किलोवॉटचा संच १,४५,००० रुपयांचा; अनुदान वजा जाता ग्राहकाच्या खिशातून ६७,०००. प्रत्यक्ष बाजारात भाव याहून चढा असू शकतो. पण आपण सरकारचाच आकडा प्रमाण मानू, म्हणजे अतिशयोक्तीचा आरोप उरणार नाही.

या योजनेची पहिली अट कोणती? अर्जदाराकडे पॅनेल बसवण्याजोगे छप्पर असलेले स्वतःचे घर हवे. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते, तीन किलोवॉटला तीनशे. वठारातल्या ज्या खोलीत पाच माणसे झोपतात, ती खोलीच पुष्कळदा तीनशे चौरस फुटांची नसते! आणि अनुदान मिळते ते संच बसून वीज सुरू झाल्यानंतर, बँक खात्यात. आधी सगळी रक्कम उभी करावी लागते, किंवा कर्ज काढावे लागते.

एका घरमालकाचे उदाहरण घेऊ. महिन्याला तीनशे युनिट वीज वापरणारे कुटुंब. कर्नाटकात २०२५-२६ साठी ठरलेला घरगुती दर युनिटला ५ रुपये ८० पैसे. तीनशे युनिटचे १,७४० रुपये महिना, वर्षाचे २०,८८०. घातलेले ६७,००० रुपये सव्वातीन वर्षांत वसूल. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरतात. मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च सोडला, तर पुढची वीसएक वर्षे आजच्याच दराने चार लाखांहून अधिक रुपयांची वीज त्याच्या पदरात पडेल. इतका सुरक्षित आणि इतका लाभदायक व्यवहार कोणती बँक मजुराला देते?

आता त्याच इमारतीच्या तळमजल्यावरचे भाडेकरू कुटुंब. महिन्याला शंभर युनिट वापर. त्याच्याजवळ छप्पर नाही, म्हणून अर्ज नाही. अर्ज नाही, म्हणून अनुदान नाही. पण साबण, तेल, काडेपेटी विकत घेताना तो जो अप्रत्यक्ष कर भरतो, त्याचा वाटा त्या ७५,०२१ कोटींत आहेच. भाडेकरूच्या करातून घरमालकाच्या गच्चीवर वीजघर उभे राहते, आणि पुढे त्या गच्चीमुळे घराचे भाडे वाढते. याला ‘मोफत वीज’ म्हणतात!

जमिनीच्या बाबतीत आपण हा व्यवहार चांगला ओळखतो. जो कसत नाही, पण ज्याच्या नावावर सातबारा आहे, तो खंड घेतो. सूर्यप्रकाश कोणी निर्माण केलेला नाही. पण तो पकडण्याची जागा ज्याच्या नावावर, त्याला सूर्याचाही खंड मिळतो. फरक इतकाच की हा नवा खंड सुरू करून देण्यासाठी सरकार स्वतः तिजोरी उघडते. तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे राहिले. तेथे जमीनधारकाला एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे ठरले. आणि त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन शेतमजुराला? त्याच्या नावावर एकर नव्हता, म्हणून भाडे नाही. पीक राहिले नाही, म्हणून मजुरीही गेली. पावगडचा भूमिहीन आणि चामराजपेटचा भाडेकरू हे एकाच न्यायाचे बळी आहेत.

‘गरिबाला वीज मोफतच आहे ना!’

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. कर्नाटक सरकारने २०२३ च्या मध्यापासून ‘गृहज्योती’ योजनेखाली दोनशे युनिटपर्यंतची घरगुती वीज मोफत केली आहे, भाडेकरूंनाही ती लागू आहे. मग तळमजल्यावरच्या त्या कुटुंबाला पॅनेलची गरजच काय?

गृहज्योतीमुळे कष्टकरी कुटुंबाला खराखुरा दिलासा मिळाला आहे. तिच्यावर ‘फुकटेपणा’चा शिक्का मारणाऱ्या वर्तमानपत्रांच्या सुरात आपण सूर मिळवणार नाही, ७८,००० रुपयांचे अनुदान घेणाऱ्याला हीच वर्तमानपत्रे ‘जागरूक नागरिक’ म्हणतात. परंतु योजनेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. २०२२-२३ मधील सरासरी वापर अधिक दहा टक्के, एवढीच वीज मोफत. नव्वद युनिट वापरणाऱ्याला नव्व्याण्णव मोफत. वरचे पैसे भरा. आणि दोनशेची रेषा ओलांडली की संपूर्ण बिल भरा. म्हणजे गरिबाने त्या वर्षी जितक्या कमी उजेडात दिवस काढले, तितकाच उजेड त्याचा हक्क ठरला. घरात शिलाईचे यंत्र आणले, आजारी माणसासाठी पाणी तापवू लागले, मुलगी रात्री अभ्यासाला बसू लागली, की सवलतीची भिंत आड येते. एकाला मालमत्ता मिळते, दुसऱ्याला सवलत. मालमत्ता पंचवीस वर्षे टिकते. सवलत पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत टिकेल की नाही याची शाश्वती नसते.

याहून गंभीर गोष्ट दरपत्रकात घडली आहे. २०२३-२४ मध्ये कर्नाटकात शंभर युनिटपर्यंत ४ रुपये ७५ पैसे आणि त्याहून अधिक वापराला ७ रुपये असा दर होता. एप्रिल २०२४ पासून हे टप्पे मोडून सर्वांना सरसकट ५ रुपये ९० पैसे लावले गेले. अधिक वापरणाऱ्याचा दर युनिटमागे एक रुपया दहा पैशांनी उतरला, कमी वापरणाऱ्याचा एक रुपया पंधरा पैशांनी चढला. गृहज्योतीमुळे ही वाढ गरिबाला आज दिसत नाही, कारण बिल सरकार भरते. पण ज्या दिवशी सवलत आटेल, त्या दिवशी तो जुन्या दराकडे परतणार नाही; नव्या, चढ्या दरावर येऊन आदळेल. २०२५-२६ मध्ये युनिटचा दर दहा पैशांनी कमी केला, तर स्थिर आकार किलोवॉटला १२० वरून १४५ रुपये केला. जास्त जाळणाऱ्याला सूट आणि नुसती जोडणी ठेवणाऱ्याला वाढ, हाच या दरपत्रकाचा रोख आहे.

सौर पॅनेलचा या सगळ्याशी संबंध थेट आहे. ज्याच्या गच्चीवर पॅनेल आहेत, तो दिवसा वीज जाळ्यात सोडतो आणि रात्री त्याच जाळ्यातून घेतो. खांब, तारा, रोहित्रे, मध्यरात्री पावसात खांबावर चढणारा लाइनमन, यांचा खर्च तसाच राहतो. पण हा खर्च ज्यांच्या बिलातून प्रामुख्याने निघत असे, ते मोठे ग्राहक बिलातून बाहेर पडत जातात. उरलेला भार कोणावर पडणार? ज्यांच्याकडे छप्पर नाही त्यांच्यावर. स्थिर आकार वाढण्याचे हे एकमेव कारण आहे असे नव्हे. पण वाटचाल त्याच दिशेची आहे. वीज वितरण खाजगी कंपन्यांना खुले करू पाहणारे वीज दुरुस्ती विधेयक ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत मांडले गेले, त्याच्याशी हे सारे जुळून येते. मलईदार ग्राहक आधी गच्चीवर, मग खाजगी कंपनीकडे. आणि सरकारी कंपनीच्या वाट्याला तोटा, झोपडपट्टी आणि दूषणे.

पॅनेल महाग का?

कोणी म्हणेल, पॅनेल स्वस्त झाले की प्रश्न आपोआप सुटेल. तर मग ते स्वस्त का होत नाहीत ते पाहू. जगाच्या बाजारात २०२३ या एका वर्षात पॅनेलचे भाव जवळपास निम्म्यावर आले. भारतात मात्र १ एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि आयात सौर घटांवर २५ टक्के सीमाशुल्क लागू झाले. आणि सूर्यघर योजनेचे अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यातले घट देशी बनावटीचेच हवेत. सौर उपकरणांवरचा वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०२१ मध्ये ५ वरून १२ टक्के केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा ५ वर आणून ‘जनतेला भेट’ म्हणून त्याचे नगारे वाजवले. चार वर्षे खिशातून काढून घेतलेले पुढे काढणे थांबवले, याला भेट म्हणायचे!

स्वदेशी उत्पादनाला आपला विरोध नाही. साम्राज्यशाहीच्या विळख्यातून सुटण्यासाठी स्वावलंबन हवे, हे आपण नेहमीच सांगत आलो. प्रश्न असा की हे स्वावलंबन कोणाच्या मालकीचे? देशातील पहिला सौर घट १९७७ साली बनवला तो साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कारखान्याने; पहिले पॅनेलही त्याचेच, १९७८ सालचे. चामराजपेटहून निघणाऱ्या म्हैसूर रस्त्यावर भेलचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आहे. तेथील कामगारांनी वर्षानुवर्षे सौर घट आणि पॅनेल घडवले. हे कारखाने भांडवल ओतून वाढवले असते, तर आज देशी पॅनेल खर्चाच्या भावात मिळाले असते. त्याऐवजी नोव्हेंबर २०२१ मध्ये सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स २१० कोटी रुपयांना एका खाजगी वित्तकंपनीच्या घशात घालण्याचा निर्णय झाला. कर्मचारी संघटना न्यायालयात गेली, संसदेत प्रश्न उठले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारला ती विक्री रद्द करावी लागली. लढल्याशिवाय ती रद्द झाली नसती, हे विसरता कामा नये. शुल्काची तटबंदी उभारायची, तिच्या आत सार्वजनिक कारखाना विकायला काढायचा आणि खाजगी मक्तेदारांना हमखास बाजार मिळवून द्यायचा : या ‘आत्मनिर्भरते’ची किंमत गच्चीवरच्या प्रत्येक पॅनेलमागे जनता मोजते.

आपल्यातीलही एक गैरसमज

येथे आपल्याच काही मित्रांशी मतभेद नोंदवणे भाग आहे. सौर ऊर्जा म्हणजे मध्यमवर्गाचा चोचला, कामगार चळवळीला त्याचे काय, असे म्हणणारे आपल्यातही भेटतात. ही भूमिका चुकीची आहे आणि घातकही आहे. १९२० साली, यादवी युद्धाने होरपळलेल्या रशियात, भाकरीची भ्रांत असताना, नव्या सत्तेने सर्व देशाच्या विद्युतीकरणाची योजना हाती घेतली. विजेचा प्रश्न पोट भरल्यानंतरचा प्रश्न आहे असे त्या कामगारांना वाटले नाही. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य म्हणून वीजधोरणाची पायाभरणी केली. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरण नसेल तर दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा विचार होता. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग खुला केला. तो वारसा आपला आहे. सौर पॅनेल भांडवलदाराचे नाही. आज ते भांडवलदाराच्या आणि घरमालकाच्या हाती आहे, एवढेच.

बंगळुरानेच याचा एक धडा दिलेला आहे. थंड हवेच्या या शहरात आंघोळीला ऊन पाणी ही चैन नव्हे, गरज आहे. २००७ च्या सुमारास कर्नाटक सरकारने ठरावीक आकाराच्या नव्या इमारतींना सौर बंब सक्तीचे केले आणि बिलात सूटही दिली. त्यामुळे शहराच्या गच्च्यांवर सौर बंबांची रांग उभी राहिली, विजेची बचत झाली. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर छप्पर कामाला लावता येते. पण त्या बंबाचा नळ कोणाच्या न्हाणीघरात उतरला? बहुतेक ठिकाणी मालकाच्या. वठारातली बाई अजूनही पहाटे चूल, गॅस किंवा पाण्यात सोडायची विजेची कांडी, यांवरच पाणी तापवते. सक्ती छपरावर होती. हक्क खोलीपर्यंत पोचला नाही. पॅनेलच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ द्यायची नसेल, तर मागणीची मांडणी वेगळी करावी लागेल.

छप्पर सार्वजनिक, वीज सर्वांची

चामराजपेटेत आणि तिच्या भोवती नजर टाका. कोटे हायस्कूल, मिंटो नेत्र रुग्णालय, व्हिक्टोरिया आणि वाणीविलास रुग्णालये, कृष्णराजेंद्र मार्केट, बसस्थानके, महापालिकेच्या शाळा. ही छपरे कोणा एका घरमालकाची नाहीत. ती जनतेची आहेत. त्यांपैकी काहींवर पॅनेल बसले असतील, बसतीलही; ते त्या त्या इमारतीचे बिल कमी करतील. आपले म्हणणे त्यापुढचे आहे. या छपरांवर वितरण कंपनीने स्वतःच्या मालकीचे संच उभारावेत आणि तेथे तयार होणारी वीज परिसरातील भाडेकरू, झोपडीवासी कुटुंबांच्या मीटरवर जमा करावी. तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही. एका जागी तयार झालेली वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून जमा करण्याची तरतूद दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच केली आहे. हिशोब मीटर करतो. मीटरला छप्पर लागत नाही.

गृहज्योतीच्या भरपाईपोटी राज्य सरकार दरवर्षी वीज कंपन्यांना हजारो कोटी रुपये देते. त्यातील एक वाटा दरवर्षी अशा सार्वजनिक संचांत गुंतवला, तर आजची सवलत उद्याची सामायिक मालमत्ता होईल. आणि कोणत्याही सरकारला ती एका आदेशाने काढून घेता येणार नाही. म्हणून पुढील मागण्या घेऊन आपण लोकांपुढे गेले पाहिजे :

१. भाडेकरू, वठार, चाळ आणि झोपडपट्टीतील प्रत्येक वीजग्राहकाला, घरमालकाच्या संमतीची अट न घालता, सार्वजनिक सौर संचात हक्काचा वाटा मिळाला पाहिजे.

२. अनुदान आधी कमी वापराच्या ग्राहकांना, आणि तेही काम सुरू होण्यापूर्वी मिळाले पाहिजे. सहकारी आणि कामगार गृहसंस्थांना आज किलोवॉटला १८,००० रुपयेच, आणि तेही सामायिक सोयींपुरतेच मिळतात. एकट्या घरमालकाला ३०,००० मिळतात. हा उलटा न्याय बदलला पाहिजे.

३. दरपत्रकातील टप्पे पुन्हा आणले पाहिजेत. कमी वापराला कमी दर, अधिक वापराला अधिक दर.

४. भेल, सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स यांसारख्या सार्वजनिक कारखान्यांत घट आणि पॅनेल यांचे उत्पादन वाढवून सार्वजनिक संचांना खर्चाच्या भावात पुरवले पाहिजे.

५. गच्चीवर पॅनेल चढवणाऱ्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन, विमा आणि सुरक्षेची साधने मिळाली पाहिजेत. इतरांच्या स्वच्छ विजेसाठी त्याने दोरीवाचून छपरावर चढावे, हे चालणार नाही.

हा प्रश्न केवळ बंगळूरचा नाही. मुंबईच्या चाळीत, पुण्याच्या पेठांतल्या वाड्यात, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराच्या खोलीत, बेळगावच्या गल्लीत तो असाच उभा आहे. सूर्यघर योजनेत महाराष्ट्र देशात आघाडीवर असल्याचे सांगितले जाते. त्या आघाडीत भाडेकरू किती, हे मात्र सांगितले जात नाही. दुसरीकडे सोलापूरच्या रे नगरात विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांनी दीर्घ लढ्यातून हजारो घरांची वसाहत मिळवली. १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. कामगारांनी सामुदायिकपणे घर मिळवता येते, तर सामुदायिकपणे छपरावरचा सूर्यही मिळवता येईल.

पक्षाच्या शाखांनी सुरुवात साध्या कामापासून करावी. आपल्या वस्तीतील एक गल्ली घ्यावी आणि घरोघर जाऊन तीन प्रश्न विचारावेत : मीटर कोणाच्या नावावर आहे? बिल कोण भरतो? छप्पर कोणाचे आहे? ही तीन उत्तरे एका कागदावर लिहिली, की त्या गल्लीचा वर्गीय नकाशा तयार होतो. तो कागद घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयावर जावे. १९०५ साली मार्केटच्या दिव्याखाली उभ्या असलेल्या हमालाला कोणी विचारले नव्हते की, तुझ्या खोलीत उजेड कधी हवा? आज त्याच्या वारसांनी कोणी विचारण्याची वाट पाहू नये.